सुट्टी घेताय, तर सणही घ्या



मार्च लागला की परदेशी गेलेल्या नाशिककर आई-बाबांच्या फोनचा सूर ठरलेला असतो. "ताई, ईस्टरची दोन आठवडे सुट्टी आहे. आम्हा दोघांनाही ऑफिस. मुलांचं करायचं काय?" त्यावर थोडं बोलणं झालं की आवाज जरा खाली येतो. "आणि शाळेतून अंडी रंगवून आणली आहेत. घरात मांडायची का? म्हणजे, आपण ईस्टर करायचा का?"

पहिला प्रश्न सगळे मोकळेपणानं विचारतात, दुसरा चाचरत. मला ते दोन्ही प्रश्न एकाच गाठीचे वाटतात. आज तीच गाठ तुमच्यासमोर बसून सोडवावी म्हणते.

आमचं घर काही वर्षं जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला होतं. त्यात नवल काही नाही. सातपूरच्या बॉश कारखान्याला जुने नाशिककर अजून मायकोच म्हणतात, आणि या कंपनीचा जन्म श्टुटगार्टचा, १८८६ सालचा. मायको सर्कलवरून निघून श्टुटगार्टला पोचणारी वाट आपल्या गावाला नवी नाही. आता इतर कंपन्यांतून, आयटीतून, शिक्षणासाठीही लोक जातात. जाताना कुकर नेतात, गोडा मसाला नेतात, कुणी पोळपाट-लाटणंही नेतं. शाळेच्या सुट्ट्यांचा विचार मात्र कुणाच्याच सामानात नसतो.

म्हणून आधी हिशेब मांडू. जर्मनीत १९६४ सालच्या करारानुसार शाळांना वर्षाला ७५ दिवस सुट्टी असते, तीही शनिवार कामाचा दिवस धरून. म्हणजे साडेबारा आठवडे. आपल्यासारखी एकगठ्ठा मे महिन्याची सुट्टी नाही. उन्हाळ्यात सहा आठवडे, बाकीची नाताळ, ईस्टर आणि शरद ऋतूत वाटलेली. श्टुटगार्टच्या प्रांतात तर ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टलाही. नोकरदाराला कायद्यानं आठवड्याचे पाच दिवस कामाचे धरून किमान २० दिवस रजा. बऱ्याच कंपन्या ३० देतात. आईची तीस, बाबांची तीस, एकानंतर एक अशी सगळी वापरली तरी मुलांची सुट्टी पुरती झाकली जात नाही. आणि तसं केलं तर सगळं घर मिळून एक दिवसही एकत्र राहत नाही.

नाशकात अशा वेळी आजी असते. तिकडे ती बोलवावी लागते. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो, पण आजीचा जीव कुरडया-पापडात अडकलेला. एप्रिलचं कडक ऊन सोडून ती जर्मनीच्या थंडीत यायला राजी होत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. तेव्हा दुसरी सोय बघून ठेवा. नगरपालिका, शाळा, क्रीडामंडळं सुट्टीत मुलांना दिवसभर सांभाळणारे वर्ग चालवतात. त्यांची नोंदणी बरीच आधी करावी लागते. मार्चमध्ये जाग आली तर जागा भरलेल्या असतात. शेजारच्या दोन घरांशी बोलून एकेक दिवस वाटून घेतलात तर आणखी बरं. आज तुमच्याकडे तीन मुलं, उद्या त्यांच्याकडे तीन.

एक मोह मात्र टाळा. "शाळा संपायच्या दोन दिवस आधी निघू, तिकीट स्वस्त पडतं." जर्मनीत शाळेत हजेरी हा कायदा आहे. सुट्टीच्या तोंडावर मूल विनापरवानगी गैरहजर ठेवलं तर आई-वडिलांना दंड होतो. बव्हेरियात पोलिसांनी विमानतळावर शाळकरी मुलांसह निघालेल्या घरांना हटकल्याचीही उदाहरणं आहेत. आपल्याकडे "गावाला लग्न होतं" एवढं वहीत लिहून चालतं. तिथे चालत नाही.

दुसरा मोह फिरण्याचा. सुट्टी म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, आठवड्यात चार देश. फोटो भरपूर येतात आणि मूल गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेलं असतं. जरूर फिरा. पण पहिल्या वर्षीच्या ईस्टरला निदान गुरुवार ते सोमवार घरी राहा, असं मी प्रत्येकाला सांगते. कारण सुट्टी ज्या सणासाठी दिली आहे तो सण त्या पाच दिवसांत तुमच्या दारासमोरून जातो. सुट्टी घ्यायची आणि सणाकडे पाठ फिरवायची, यात मुलाचं नुकसान आहे.

ते पाच दिवस कसे असतात, सांगते. गुरुवारी संध्याकाळी दुकानांत झुंबड, कारण शुक्रवार, रविवार आणि सोमवार सगळं बंद. दूध, ब्रेड, कोथिंबीर गुरुवारीच आणून ठेवा. या गुरुवारी घरोघरी काहीतरी हिरवं शिजतं, बहुधा पालक. तुम्ही पालकाची पातळ भाजी केलीत तरी तुम्ही रीत पाळली. कॅथलिक चर्चच्या घंटा या दिवशी ज्या थांबतात त्या ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत वाजत नाहीत. लहान मुलांना सांगतात, घंटा रोमला गेल्या आहेत. काही खेड्यांत तेवढे दिवस मुलं लाकडी खुळखुळे वाजवत गल्लीगल्लीतून फिरतात आणि उपासनेची वेळ कळवतात. ज्या मुलाच्या घराशेजारी रोज तासातासाला घंटा वाजते, त्याला ती शांतता लगेच जाणवते. त्यानं विचारलं की सांगा.

शुक्रवार दुःखाचा. येशूला क्रूसावर दिलं तो दिवस. तिथल्या प्रांतात या दिवशी सार्वजनिक नाचगाण्यांना कायद्यानं मनाई आहे. त्या दिवशी मुलाच्या वाढदिवसाची पार्टी ठेवू नका, खिडकी उघडी टाकून झिंगाट लावू नका. श्टुटगार्टकडे शुक्रवारी माउलटाशे करतात. पालक आणि खिमा भरलेली, पाण्यात उकडलेली मोठी करंजीच म्हणा. त्यांची गोष्ट मुलांना फार आवडते. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य. म्हणे माउलब्रॉन मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून ते पिठाच्या घडीत लपवलं. स्थानिक बोलीत तिला देवाला चकवणारी असंच नाव आहे. पालकाची शाकाहारीही मिळते. उपवासातून पळवाटा काढायची माणसाची हौस आपल्याला काही समजावून सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची पापडी पोटभर खाणारी माणसं आपण.

शनिवारी रात्री बऱ्याच गावांत शेकोटी पेटते. रविवारी सकाळी मुलं बागेत अंडी शोधतात. सोमवारी नातेवाइकांकडे जेवण नाहीतर रानात लांबवर पायी फेरी.

आता त्या रंगवलेल्या अंड्यांकडे येऊ. ती कुठून आली हे कळलं की घरात मांडायची की नाही हा प्रश्न अर्धा सुटतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. जुन्या काळी त्यात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. पण कोंबड्यांना उपवास कुठे ठाऊक? त्या अंडी घालत राहायच्या. ती साठायची, टिकावीत म्हणून उकडून ठेवायची, सणाला रंगवून वाटायची. बंद कवचातून जीव बाहेर येतो म्हणून पुनरुत्थानाची खूण म्हणूनही अंडं मानलं गेलं. आणि ती लपवणारा ससा? त्याचा बायबलमध्ये कुठेही उल्लेख नाही. अंडी आणणाऱ्या सशाची लेखी नोंद १६८२ सालची, एका जर्मन वैद्याच्या पुस्तकातली. पुढे जर्मन लोक अमेरिकेला गेले आणि ससाही त्यांच्याबरोबर गेला. म्हणजे हा सशाचा खेळ त्यांच्याकडेही धर्मग्रंथातला नाही, घराघरातला आहे. त्यात तुमच्या मुलानं भाग घेतला म्हणून कुणाचा धर्म बुडत नाही.

अंडी रंगवायची जुनी रीत तर नाशिककरांनी करून बघावीच. रंग कशाचा? कांद्याच्या सालींचा! लासलगावच्या जिल्ह्यातल्या माणसांना यापेक्षा जवळचं काय असणार? कांद्याच्या कोरड्या साली पातेलंभर पाण्यात उकळायच्या, चमचाभर व्हिनेगर घालायचं. पांढऱ्या अंड्यावर बागेतलं एखादं नक्षीदार पान दाबून बसवायचं, जुन्या पायमोज्यात अंडं घट्ट बांधायचं आणि त्या पाण्यात दहा मिनिटं उकडायचं. सोडलं की तांबूस अंड्यावर पानाची फिकट नक्षी उमटलेली असते. हळदीनं पिवळा येतो. लाल कोबीच्या पाण्यात व्हिनेगर घालून अंडं रात्रभर ठेवलं तर निळा येतो, आणि तो कसा येतो हे बघायला मुलं सकाळी न उठवता उठतात.

ज्या घरात अंडं येत नाही त्यांनी शिक्षिकेला आधी सांगावं. लाकडाची, कागदाची अंडी सर्रास मिळतात. मूल सगळ्यांच्या ओळीत बसून रंगवतंय, हातात कुंचला आहे, एवढं पुरे. त्याला एकट्याला दुसऱ्या खोलीत बसवू नका. आणखी दोन गोष्टी पाकिटावर वाचत जा. मऊ, चिवट गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, आणि काही चॉकलेटच्या अंड्यांत दारू भरलेली असते. मोठ्यांची आणि मुलांची पाकिटं दुकानात शेजारीशेजारी असतात.

इथपर्यंत सोपं आहे. अवघड तेव्हा होतं, जेव्हा रस्त्याकडेचा क्रूस बघून पाच वर्षांचं मूल विचारतं, "आई, याला का मारलं?" आपण घाईघाईनं "चल, उशीर होतोय" म्हणतो. तसं करू नका. चार वाक्यांत खरं सांगा. येशू नावाचे एक गुरू होते. ज्यांना कुणी जवळ करत नव्हतं त्यांना त्यांनी जवळ केलं. सत्तेवरच्या लोकांना त्यांची भीती वाटली आणि त्यांनी त्यांना मारलं. त्यांचे अनुयायी मानतात की तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उठले, म्हणून शुक्रवारी रडायचं आणि रविवारी हसायचं. तुम्ही ख्रिस्ती असाल तर "आपण मानतो" म्हणाल, नसाल तर "ते मानतात" म्हणाल. मुलाला दोन्ही पेलतं. त्याला पेलत नाही ते आपलं गडबडून जाणं. ज्या सणाबद्दल आई-बाबा चोरटेपणानं बोलतात त्यात काहीतरी वाईट आहे असं मूल धरून चालतं. मग वर्गातल्या मैत्रिणीबद्दलही तेच धरून चालतं.

शेजाऱ्यांनी चर्चमध्ये बोलावलं तर जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उठले की उठा. प्रसादाची भाकरी घ्यायला पुढे गेला नाहीत तर कुणी रागावत नाही. शाळेत धर्माचा तास असतो. मुलाला त्याला बसवायचं की नाही हे ठरवायचा हक्क आई-वडिलांचा आहे. पण निर्णय मुलाला समजावून घ्या. कॉरिडॉरमध्ये एकट्यानं चित्रं रंगवत बसायला त्याला का लागतंय, हे त्याला कळलं पाहिजे.

आता तुमच्या मनातली खरी धास्ती बोलते. "हे सगळं एवढं रंगतदार. याच्यापुढे आमचा पाडवा फिका पडेल. मूल आपलं विसरेल." धास्ती खोटी नाही. तिकडे पाडवा बहुतेकदा कामाच्या दिवशी येतो. सकाळी गडबडीत बाल्कनीत गुढी, संध्याकाळी दमून श्रीखंडाचा डबा, आणि महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम पुढच्या शनिवारी. मुलाच्या वाट्याला पाडव्यात काय काम आलं? नवे कपडे घालून फोटोला उभं राहणं. ईस्टरला मात्र त्यानं साली सोलल्या, रंग ढवळला, पान निवडलं, टोपली घेऊन झुडपं धुंडाळली. मुलाच्या मनात सण राहतो तो हातानं केलेल्या कामानं आणि बरोबरच्या माणसांमुळे. पाडवा फिका पडला तर तो ईस्टरमुळे पडत नाही, मुलाच्या हाताला त्यात काही नव्हतं म्हणून पडतो.

त्यावर उपाय ईस्टर कमी करणं हा नाही. पाडव्याला काम द्या. तिकडे साखरेच्या गाठी मिळत नाहीत, तर घरी साखरेचा पाक करून दोरा घातलेल्या साच्यात ओता. दोरा धरायचं काम मुलाचं. कडुलिंब तिकडच्या थंडीत उगवत नाही. आदल्या उन्हाळ्यात नाशकाहून वाळवलेला पाला आणला असेल तर हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच घालून ती कडू चटणी मुलाला वाटू द्या आणि सगळ्यांना वाढू द्या. मोठ्यांची तोंडं वाकडी झालेली बघणं हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग असतो. कलशाला कुंकवाची बोटं त्यानंच ओढावीत. वाकडी आली तरी चालतील.

आणि एक गंमत सांगते, ती कॅलेंडर भिंतीवर असलं की मुलं स्वतः शोधून काढतात. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. मग ती पौर्णिमा आपली कुठली? कधी फाल्गुनाची, कधी चैत्राची. म्हणजे ईस्टरच्या अलीकडे एकतर होळी नाहीतर हनुमान जयंती. २०२२ साली हनुमान जयंती १६ एप्रिलला शनिवारी आणि ईस्टर दुसऱ्या दिवशी, १७ ला. २०२४ साली २५ मार्चला धुळवड, ३० ला रंगपंचमी आणि ३१ ला ईस्टर. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ ला.

आहे की नाही सोय? पाडव्याला मिळत नाही ती सुट्टी रंगपंचमीला किंवा हनुमान जयंतीला आपसूक पदरात पडते. आपल्या नाशिकला तर रंगपंचमीचं वेड. पेशवाईपासूनच्या रहाडी उघडायच्या आणि त्या रंगीत पाण्यात धप्पकन उड्या मारायच्या. एप्रिलच्या जर्मन थंडीत उडी शक्य नाही, पण बाथटबमध्ये कोमट पाणी आणि पळसाच्या फुलांचा रंग घालून छोटी रहाड करता येते. सुट्टीच्या सांभाळ-गटातली तीन मुलं तुमच्याकडे आहेतच. त्यांत एखादं पोलिश असलं तर ते सांगेल, आमच्याकडे ईस्टरच्या सोमवारी सगळे एकमेकांना पाण्यानं भिजवतात. एखादं ग्रीक किंवा सर्बियन असलं तर सांगेल, आमचा ईस्टर अजून यायचाय, आमच्या चर्चचं कॅलेंडर वेगळं. २०२४ साली तो ५ मे रोजी होता. युरोपातल्या त्या एका वर्गातही सगळ्यांचा ईस्टर एक नसतो, हे मुलाला कळलं की आपलं वेगळेपण त्याला ओझं वाटत नाही.

फिरायचंच असेल तर एक दिवस जवळच्या खेड्यांत जा आणि ईस्टरच्या विहिरी बघा. फ्रँकोनियाच्या बाजूला ही रीत जोरात, श्वाबियातही दिसते. गावातल्या विहिरीला, पाणवठ्याला हिरव्या फांद्यांच्या माळा आणि शेकडो रंगीत अंडी बांधतात. फ्रँकोनियाचं ते पठार चुनखडीचं, पाणी वर टिकत नाही, झिरपून जातं. म्हणून वसंतात पाणवठा साफ करून सजवायचा. पेठ-सुरगाण्याच्या बायकांना एप्रिलमध्ये पाण्यासाठी दऱ्या उतराव्या लागतात, हे ठाऊक असलेल्या मुलाला या विहिरीचं कौतुक समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्यातल्या ख्रिस्ती आई-बाबांची अडचण उलटी असते, तीही सांगायला हवी. नाशिक, अहिल्यानगर, वसईहून गेलेल्या घरांना ईस्टर शिकवावा लागत नाही. त्यांच्या मुलाला तिकडे मोठं चर्च मिळतं, ऑर्गन मिळतो, पण मराठी निसटतं. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारचे सात शब्द, पहाटेची उपासना, पेटी-तबल्यावरची भजनं, हे सगळं जर्मन उपासनेत नसतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं, ते टिकवणं आता तुमच्या स्वयंपाकघरावर आहे. उत्तम शुक्रवारी घरी बसून दोन भजनं म्हणा. शेजारचा मराठी हिंदू मुलगा आला तर त्यालाही बसवा. चाल त्याच्या कानाला ओळखीची असेल, आणि येशूची गोष्ट मराठीतही गायली जाते हे त्याला तिथे, परदेशात, तुमच्यामुळे कळेल.

कारण आपल्यापैकी पुष्कळांना ते इथे राहून कळलेलं नसतं. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. १८६८ साली तिथे जन्मल्या आणि १९३६ साली नाशकातच वारल्या. 'स्मृतिचित्रे' आपण डोक्यावर घेतो. पण त्या लेखिकेच्या घरी ईस्टर होत असे, हे आपण लक्षात घेत नाही. फादर स्टीफन्स यांचं मराठीतलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. चारशे वर्षं झाली. ईस्टर आपल्याला श्टुटगार्टला पहिल्यांदा भेटतो हा आपला समज आहे, मराठीचा नाही.

आणि परक्या भूमीवर सण करणाऱ्या मुलांची गोष्टही आपल्याला परकी नाही, फक्त आपण तेव्हा यजमान होतो. आपण रोज ज्या शरणपूर रोडवरून जातो, तिथल्या मिशन वसाहतीत एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला, मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या दफनाला हजर होता. नाशकात वाढलेला मुलगा! ही मुलं आपल्या मुलांसारखी विमानानं, आई-बाबांच्या हाताला धरून आली नव्हती. सगळं हिरावलं गेलेली मुलं होती ती.

दुसरी गोष्ट कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून उचलून सोव्हिएत रशियात नेलेली, तिथून इराणमार्गे सुटलेली पोलिश कुटुंबं १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांनी तिथे पोलिश शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, नाटकं केली, स्काउटची पथकं काढली. देश हातातून गेला होता, पण मुलांचं वर्ष शाळा-सुट्टी-सण या क्रमानं चालू ठेवायचं त्यांनी सोडलं नाही. आपलं टिकवलं म्हणून ती मुलं कोल्हापूरला दुरावली नाहीत. म्हातारपणी ती पुन्हापुन्हा वळिवडे बघायला आली, आणि कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. आपला सण घट्ट धरणं आणि ज्या मातीत राहतो तिच्यावर जीव लावणं, ही दोन्ही कामं एकच मूल करू शकतं, याचा यापेक्षा वेगळा पुरावा मला नको.

शेवटची गोष्ट परतीची, कारण बहुतेक घरं आज ना उद्या नाशकात परत येतात. एप्रिल येतो, वार्षिक परीक्षा चालू असते. गुड फ्रायडेची सरकारी सुट्टी असते, रविवार मात्र नेहमीचाच. आणि तुमचं मूल विचारतं, "इथे अंडी कोण लपवतं?" तेव्हा "ते तिकडचं होतं, आता विसर" असं म्हणू नका. तिकडे असताना "आपला पाडवा विसरू नकोस" म्हणणारे तुम्हीच होतात. शरणपूरला किंवा नाशिकरोडला चर्च आहे. आधी तिथल्या फादरना, पाळकांना विचारून पहाटेच्या उपासनेला घेऊन जा. वर्गात कुणी ख्रिस्ती मैत्रीण असेल तर तिच्या घरी शुभेच्छा द्यायला जा. आणि संध्याकाळी सोसायटीच्या बागेत मुलाला शेंगदाण्याचे लाडू नाहीतर चिकू लपवू द्या. शोधायला पोरं कमी पडणार नाहीत.

मग मुलाला एक काम सांगा. त्याच्या वर्गात केरळचं मूल असेल, बिहारचं असेल, बंगालचं असेल. सातपूर-अंबडच्या शाळांत तर असतंच. एप्रिलमध्ये विशू येऊन जातो, दिवाळीनंतर गोदाकाठी छठ होते, आणि त्या मुलांना बहुतेकदा शाळेची सुट्टीही नसते. परक्या गावात सणाच्या दिवशी साधा दिवस काढणं काय असतं, हे वर्गात दुसऱ्या कुणाला नसेल, पण तुमच्या मुलाला माहीत आहे. त्यानं जाऊन विचारावं, "तुमच्याकडे आज काय करतात?" आणि बोलावलं तर जावं. जाताना हात रिकामे नसावेत, एवढं आई-बाबांनी बघावं.